न आलेले नऊ फूट

"ह्या दोन कांड्या एकमेकींच्या नाहीत," खलीलसाहेब म्हणाले, आणि बोट क्षणभर दगडावर ठेवून ते पुढच्या पेटीकडे वळले.

एवढंच ते बोलले. आवाजात राग नव्हता, प्रश्नही नव्हता. पावणे गावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं आणि जमिनीवर नऊ बोअरच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. गावामागच्या डोंगरात बांधकामाचा चांगला काळा दगड किती आहे, याचा हिशेब करायला कंपनी आली होती. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहत होते, खाडीवर कधीतरी पूल होणार असंही लोक बोलत होते, आणि दगड तर सगळ्यालाच लागणार होता. यंत्र डोंगरात भोक पाडत खाली जाई आणि मनगटाएवढ्या जाडीच्या दगडाच्या कांड्या वर काढी. उसाची कांडी ठेवावी तशा त्या वरपासून खालपर्यंतच्या क्रमानं लाकडी पेटीत ठेवायच्या. डोंगराचं पोट असं पेटीत वाचायचं. कमळाकर मढवीच्या हातात ओलं फडकं होतं, कांडी पुसली की दगडाचा रंग खुलतो म्हणून. सात नंबरच्या पेटीजवळ तो उभा होता आणि फडक्यातलं पाणी थेंबथेंब त्याच्या चपलेवर पडत होतं. "कुठल्या, साहेब?" असं विचारायला हवं होतं. ज्यानं काही केलेलं नाही, त्या माणसानं तेच विचारलं असतं. पण तेवढ्यात साहेब आठ नंबरपाशी पोचले होते, चष्मा कपाळावर चढवून वाकले होते, आणि विचारायची वेळ निघून गेली होती.

दिवसभर ते वाक्य त्याच्यापाशी राहिलं. त्यानं दगडांची वजनं करायला घेतली. तुकडा आधी हवेत तोलायचा, मग दोरीनं बादलीतल्या पाण्यात सोडून तोलायचा, दोन वजनांतल्या फरकावरून दगड किती भरीव ते काढायचं. एरवी त्याला हे काम आवडायचं. पाण्यात गेल्यावर दगड हलका होतो ही गोष्ट इतक्या वर्षांनंतरही त्याला थोडी नवलाची वाटे. आज तीन वेळा केलेल्या वजनाचे तीन आकडे आले. पेटी हलवताना कांड्या सरकल्या असतील, असं तो स्वतःला सांगत होता. गडी पेट्या उचलतात, आपटतात. मग त्याला गड्यांचे हात दिसेनात, स्वतःचे दिसायला लागले. चार दिवसांपूर्वीची दुपार. शेडमध्ये कोणी नव्हतं. साठ फुटांच्या खाली नऊ फूट दगड वरच आला नव्हता, पेटीत तेवढी जागा मोकळी होती आणि त्या जागी ठोकळा ठेवायचा होता : इथे नऊ फूट आले नाहीत. त्यानं खालची कांडी उचलली होती आणि वरच्या कांडीला नेऊन लावली होती. अगदी हळू, पाळण्यातल्या मुलाचं डोकं ठेवावं तशी. मग ठोकळा पेटीच्या पार टोकाला सारला आणि वहीत लिहिलं : 'यंत्राच्या दोषामुळे घट. दगड काळा, टणक, असे गृहीत.' अक्षर छान आलं होतं. लिहिताना हात कापला नव्हता.

आणि पंढरी. बोअरचं यंत्र चालवणारा पंढरी साताऱ्याकडचा, कमी बोलणारा माणूस. सात नंबर खोदताना तो यंत्र बंद करून आला होता. "साहेब, पाणी तांबडं येतंय." भोकात सोडलेलं पाणी दगडाचा चुरा घेऊन परत वर येतं, काळ्या दगडाचं राखाडी येतं. कमळाकरनं पाहिलं होतं. कुंकू कालवल्यासारखं पाणी डोंगराच्या उतारावरून वाहत होतं. "वरची माती असेल," तो म्हणाला होता. साठ फुटांखाली वरची माती कुठून येणार? वरच्या वीस फुटांना तर लोखंडी नळी घातलेली होती. पंढरीनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि "बरं" म्हणून तो यंत्राकडे गेला होता. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते तेव्हा त्यानं ऐकलं नव्हतं.

कामाच्या या वाटेवर त्याला खलीलसाहेबांनीच आणलं होतं. ते तळोज्याचे, वयानं पंचावन्नच्या पुढचे, उभी हयात खाणींवर गेलेली. एकोणसाठ साली घणसोली गावातला पहिला पदवीधर म्हणून कमळाकर भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणीवर रुजू झाला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे दोन बोअरच्या नोंदी टाकल्या होत्या. दोन्हींत सोळा सोळा फूट चांगला खनिज थर. मधे चारशे फुटांचं अंतर. "टन काढ." त्यानं कागदावर डोंगराचा छेद काढला, दोन्ही थर पट्टीनं जोडले, आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजून क्षेत्रफळ काढलं, लांबीनं गुणलं, वजनानं गुणलं. पदवीधराचा गर्व त्या आकड्यात शेवटच्या अंकापर्यंत उतरला होता. साहेबांनी खण उघडला आणि तिसरा कागद काढला. मधोमध घेतलेला तिसरा बोअर. त्यात खनिजाचा लवलेश नव्हता. थर तिथं तुटून कुठं खाली गेला होता कोण जाणे. "मधे जे भरलंस ते कुठून आणलंस?" साहेबांनी विचारलं. "अंदाजानं, साहेब." "अंदाज कर. त्याच्याचसाठी पगार मिळतो आपल्याला. जमिनीत उतरून कोण बघणार? पण अंदाजाला अंदाज म्हणायचं." मग त्यांनी तीन रकाने आखून दिले. जे चारी बाजूंनी पाहिलं, मापलं, ते सिद्ध. जे दोन बाजूंनी दिसतं आणि मधे असावं असं मानायला आधार आहे, ते संभाव्य. आणि जे नुसतं असू शकेल, ते शक्य. "लोक तिसऱ्या रकान्याला लाजतात," साहेब म्हणाले होते, "म्हणून तिसऱ्यातलं उचलून पहिल्यात टाकतात. तू लाजू नकोस. डोंगर कुणाच्या लाजेखातर बदलत नाही."

तीन वर्षं त्यानं हे शिकण्यात घालवली. मातीत हात घालून नमुना कसा घ्यावा, चांगलं चांगलं उचलायचा मोह कसा आवरावा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन कसे टाकून द्यावेत. रानातल्या तंबूत कंदिलाखाली छेद काढताना त्याला सुख वाटे. एकसष्टच्या मार्गशीर्षात लग्न झालं, शांती करावे गावची, खाडीच्या काठच्या माणसांची पोर, आणि लग्नानंतर बाराव्या दिवशी तो परत खाणीवर गेला. मग वर्षातून दोनदा येणं. शांतीला लिहिता येत नव्हतं. बाळंतपणाला ती माहेरी गेली तेव्हापासून तिच्या भावाच्या अक्षरात कार्डं येत. 'इकडे सर्व क्षेम. पोर बरी आहे.' मुलगी झाली होती, शांतीनं आपल्या आजीचं नाव ठेवलं होतं, पुतळा. दोन महिन्यांची असताना त्यानं तिला आठ दिवस पाहिलं. तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या असत आणि उघडल्या तर आत कापसाचा तंतू निघे, तो कुठून येई ते कधी कळलं नाही. एका कार्डात पोर बरी होती, पुढच्या कार्डात पोर बरी होती. मधले वीस दिवस त्यानं बरेच धरले. त्या वीस दिवसांत तिला दोनदा ताप येऊन गेला होता आणि दूर असलेल्या माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून कुणी लिहिलं नव्हतं. चौसष्टच्या आषाढात तार आली तेव्हा तो बारा मैलांवर चर मापत होता. तार छावणीत दोन दिवस टेबलावर पडून राहिली, तिच्यावर कुणीतरी दगड ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. तो करावेला पोचला तेव्हा पोरीचं सगळं होऊन तीन दिवस झाले होते. पडवीत माणसं बसली होती. शांतीनं मान वर केली नाही. त्यानं काही विचारलं नाही. काय विचारायचं असतं अशा वेळी हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि उशिरा आलेल्या माणसाला विचारायचा हक्क असतो का, हेही.

तेव्हापासून ती करावेलाच होती. पासष्टमध्ये पावण्याचं काम निघालं, खलीलसाहेबांबरोबर तो इकडे आला, आणि दर दुसऱ्या रविवारी करावेला जायला लागला. सासरे, गोवर्धनबाबा, पडवीत बसून मिठागरांबद्दल आणि जाळ्यांबद्दल बोलत. शांती चहा आणून ठेवी. कपाची दांडी त्याच्याकडे वळवून ठेवी, तेवढंच. त्या दांडीवर तो पंधरा दिवस काढी. तिला राग आहे, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. आईनं एकदा सांगितलं होतं की मानूस घरी असला तंच घराला घर म्हनायचं, असं शांतीचं म्हणणं आहे. तेव्हापासून त्याच्या मनात एक चित्र तयार होत गेलं. डोंगर चांगला निघाला की खाण सुरू होईल. खाणीवर कायमचा भूवैज्ञानिक लागेल. साहेब त्याचं नाव घालतील. पावण्याहून घणसोलीला चालत तासाभराचा रस्ता. आत्ता काम आहे तोवर येतो तसा मग कायमच रोज संध्याकाळी तो घरी येईल आणि दारात शांती असेल. मनातल्या मनात तो आतली खोली सारवून घेई, खिडकीला नवी फळी बसवून घेई. कधी कधी डोंगराच्या माथ्यावर उभा राहून तो पश्चिमेकडे बघे. मिठागरांचे पांढरे चौकोन, त्यापलीकडे तिवरांची काळपट रेघ, त्यापलीकडे खाडीचं पाणी, आणि दक्षिणेला धुरकट झालेला किनारा, जिथं करावे असावं. तिथून दिसत काही नसे. तरी तो त्या बाजूला बघत राही, आणि पायाखालचा डोंगर चांगला निघावा असं त्याला वाटे. दगडाबद्दल असं वाटून घ्यायचं नसतं, हे शिकल्याला सात वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी तो मिठागरांच्या बांधावरून घरी गेला तेव्हा आई, येसूबाई, दारात चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, साफ करत बसली होती. त्यानं पाय धुतले आणि तिच्याजवळ उंबऱ्यावर बसला.

"आये, शांती तवा काय बोलली व्हती?"

"कवा?"

"मानूस घरी असला तंच घर, असं. तू सांगितलंवतंस."

येसूबाईनं चिंबोरीची नांगी मोडली. "ती कुठं बोलली? मीच बोलले तिला. म्हनलं, तुला असंच वाटत असंल ना गो, का मानूस घरी असला तंच घर. ती बसली मान हलवीत."

"हो म्हनून हलवली का नाय म्हनून?"

"आता मला काय ठावं, बाबा! दोन वर्सं होत आली." तिनं हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "तू तिला का नाय इचारलंस? तुझी बायको ती. मी किती दिस मधी ऱ्हाऊ?"

तो उठून आत गेला. ताटावर बसला तेव्हा रश्शाचा वास नाकात गेला आणि एकाएकी त्याला वाटलं की आपल्याला खरोखर माहीत असलेल्या गोष्टी किती थोड्या आहेत. कपाची दांडी. मान हलवणं, तेही आईनं पाहिलेलं. तीन दिवस उशीर. बाकी सगळं त्यानं भरलेलं होतं, आणि भरताना हात कापला नव्हता. हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला. आई म्हणाली, तिखट झालंय का? तो म्हणाला, नाय, चांगलं झालंय.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेला. सात नंबरची पेटी उघडली. जोडलेल्या दोन कांड्यांची टोकं आता कुणाही पोराला कळली असती : वरचीचा दगड घट्ट, बारीक, खालचीत वाफेच्या बुडबुड्यांनी पडलेली भोकं आणि त्यांत पांढरे स्फटिक. दोन वेगळ्या काळांत ओतलेले लाव्ह्याचे रस. त्यानं खालची कांडी मागे ओढली, तिच्यामागच्या सगळ्या मागे सरकवल्या, ठोकळा परत जागेवर ठेवला. मग वही उघडून ती जुनी ओळ एका रेघेनं खोडली, वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं : 'नऊ फूट आले नाहीत. परत येणारे पाणी लाल होते.' सही केली. मागे चपलांचा आवाज झाला. खलीलसाहेब दारात उभे होते. किती वेळ, ते कळलं नाही.

"साहेब, मी—"

"पाहिलं मी."

"काल तुम्ही का नाही विचारलंत?"

साहेब खोक्यावर बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. "काल विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. एकदा नाही म्हटलं की माणूस त्यालाच धरून बसतो. मग तुला ते आयुष्यभर खरं करत बसावं लागलं असतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि दुसरं सांगू? मलाही हा डोंगर चांगला निघायला हवा होता. बायकोची, मरियमची, नजर गेली आहे जवळजवळ. चूल पेटवते ती हातानं चाचपून. तळोज्याला रोज घरी जायला मिळतंय म्हणून गेले आठ महिने मी स्वतःला जवान समजतोय. चार दिवस तुझी वही माझ्या टेबलावर होती, मढवी. यंत्राचा दोष, हे शब्द मी पहिल्याच दिवशी वाचले होते. काल पेटीला बोट लावलं."

बाहेर पंढरी यंत्राच्या पट्ट्याला ग्रीस लावत होता, त्याचा डबा जमिनीवर वाजत होता. कमळाकरला साहेबांच्या पायांकडे बघवेना. चपलांचे अंगठे शिवून शिवून जाड झाले होते. या माणसाकडे आपण सात वर्षं डोंगराकडे बघावं तसं पाहिलं, आणि त्याच्या घरात चूल कोण पेटवतं हे कधी मनात आलं नाही.

"सातच्या शेजारी आणखी एक घेऊ," साहेब उठत म्हणाले. "पाणी कमी सोडायला सांग. यंत्र हळू. मऊ असेल तर वाहून न जाता वर येईल. काय आहे ते डोळ्यांनी बघू, मग लिहू."

पाच दिवस लागले. पंढरीनं ते काम अशा निगुतीनं केलं की साठ फुटांनंतर तो यंत्रावर हात ठेवून डोळे मिटून उभा राही, आतला दगड बदलल्याचं त्याला तळहाताला कळे. पाचव्या दिवशी दुपारी नळी वर आली आणि त्यानं हातोडीच्या दांड्यानं ती हलकेच ठोकली. फळीवर आठ फुटांहून थोडी जास्त लाल माती घसरत आली, ओली, विटेसारख्या रंगाची, बोटानं दाबली तर खळगा पडेल अशी. कमळाकरनं तिचा तुकडा नाकाशी नेला. एक रस येऊन थिजला, आणि दुसरा यायच्या आधी मधे हजारो वर्षं गेली. त्या काळात दगडाची माती झाली, तिच्यावर ऊन पडलं, काही उगवलं असेल, मेलं असेल. मग वरून पुन्हा आग आली आणि सगळं झाकून गेलं. आठ फूट म्हणजे कुणी न पाहिलेला एवढा मोठा काळ. पंढरी म्हणाला, "बघा, तांबडंच हुतं." त्याच्या आवाजात विजय नव्हता. कमळाकर म्हणाला, "हो. तू सांगितलंस तेव्हाच." पंढरीनं मान खाली घातली आणि नळी धुवायला घेतली.

मग मोजणी. त्यानं सगळे छेद नव्यानं काढले. लाल थर सातपासून नऊपर्यंत डोंगरात तिरपा शिरत होता. त्याच्या वरचा दगड जाडीनं थोडा, खालचा काढायचा तर आधी ती मऊ माती उपसायची आणि तिच्यात साठलेल्या पाण्याशी झगडायचं. चौकोन मोजता मोजता पहिल्या रकान्यातला आकडा ऐंशी लाख टनांवरून एकतीसवर आला. उरलेल्यातला काही दुसऱ्यात गेला, पुष्कळसा तिसऱ्यात. प्रत्येक छेद पुसताना त्याला घणसोलीच्या घराची खिडकी दिसे, नवी फळी बसवलेली. तो पुसत राही. मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब मोटारीनं आले, उभ्या उभ्या अहवाल चाळला आणि म्हणाले, "नऊ फुटांसाठी?" खलीलसाहेब म्हणाले, "आठ फूट चार इंच. मोजलेत." महिन्याभरात काम गुंडाळायचा हुकूम आला. खलीलसाहेबांना आणि कमळाकरला पुन्हा भंडाऱ्याकडे. जाताना साहेबांनी त्याला एवढंच सांगितलं की मी मरियमला बरोबर नेतोय, तिला खाणीचा आवाज आवडेल न आवडेल, पण चूल मी पेटवीन.

रविवारी तो करावेला गेला तेव्हा ओहोटी लागली होती आणि गोवर्धनबाबा होडीवर होते. शांती अंगणात सुकट वाळत घालत होती, ओणवी होऊन, बोटांनी पसरत. तो पडवीत न बसता तिच्यासमोर अंगणातच उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं.

"काम बंद झालं," तो म्हणाला. "मला परत भंडाऱ्याला जावं लागंल."

"कवा?"

"पंधरा दिसांत."

तिनं सुकटीतला एक खडा निवडून बाजूला टाकला. ती रागावेल, उठून आत जाईल, असं त्यानं धरलं होतं. ती पसरत राहिली.

"मला वाटलं व्हतं इथंच कायमची नोकरी लागंल. रोज घरी येयाला मिळंल. मंग तू येशील."

"मी असं कुठं बोललेय?"

"नाय बोललीस." दोन वर्षं जे वाक्य त्यानं छातीत धरून ठेवलं होतं ते इतकं लहान निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. "मंग तू घरी का येत नायस, शांती?"

तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत आपण तिच्या डोळ्यांकडे बघितलंच नव्हतं, कपाकडे बघत होतो. डोळ्यांत राग कुठंच नव्हता. दमणूक होती, आणि थोडं नवल, की या माणसाला हे ठाऊक नाही.

"मी घनसोलीला आले तं तिच्याजवळ कोन ऱ्हाईल?" ती म्हणाली.

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"तिला ठेवलंय तिथं भरतीचं पानी लागतं," ती सुकटीकडे बघत, घरातलं काम सांगावं तशी सांगू लागली. "उधाणाला माती वाहून जाते. दादा बोलला व्हता तवा, जरा वरती ठेवूया, पन पाऊस लागलावता, तिथंच खणलं. मंग मी सांजचं जाते. दोन पाट्या टाकते, कवा चार. उधाणाच्या दिसांत रोज लागतात. तुमी रागावाल म्हनून बोलले नाय. आईंना काय सांगू? त्या म्हनाल्या मानूस, घर... मी मान हलवली."

तो उभाच होता. त्याच्या डोक्यात काही येत नव्हतं, ना छेद, ना रकाने. पडवीत तेव्हा बसलेली माणसं आठवली, त्यांतल्या कुणालाही विचारता आलं असतं. एवढा एक प्रश्न. कुठं?

"मला दाखव," तो म्हणाला.

शांतीनं हात धुतले, पदराला पुसले. ओट्याखालची वेताची पाटी काढली आणि फावडं घेतलं. त्यानं पाटी तिच्या हातातून घेतली, तिनं दिली. शेताच्या बांधाशी तिनं फावड्यानं कोरडी माती ओढली आणि त्यानं पाटी भरून खांद्यावर घेतली. भंडाऱ्याला तो पुढं एकटाच गेला, आणि वर्षात तीनदा यायला लागला. पण त्या पंधरा दिवसांत तो रोज संध्याकाळी करावेला होता. त्या दिवशी ते दोघं खाजणाच्या दलदलीच्या काठाकाठानं चालत गेले, ती पुढं, तो मागं. चिखलात खेकड्यांची बारीक भोकं होती आणि पाणी दूर ओसरलेलं होतं. तिवरांच्या अलीकडे, जिथं जमीन किंचित उंच होऊन परत उतरते, तिथं ती थांबली. खूण म्हणून काही नव्हतं. फक्त हातभर लांबीची माती बाकीच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची होती, कोरडी, वरच्या बांधावरची.

त्यानं पाटी खांद्यावरून उतरवली आणि जिथं उभा होता तिथूनच ओतायला वाकला.

"तिकडून नको," शांती म्हणाली, आणि दंडाला धरून तिनं त्याला दुसऱ्या बाजूला आणलं. "डोकं त्या अंगाला हाय. पायाकडून टाका."